सोबतच्या पुरुषाचं घर

चिंबालामे, १० ऑक्टोबर २०१९

चिरंजीव बोनिफास,

आशीर्वाद शेवटी देईन, तोपर्यंत पात्र राहिलास तर.

हे पत्र मिनीबसवाल्या चिसोमोच्या हाती पाठवते आहे. फोन करत नाही, कारण फोनवर तू "मोठी आई, आवाज तुटतोय" म्हणून सुटतोस. कागद तुटत नाही.

तुझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी मादालो, वय पाच महिने, काल आपल्याच आरोग्य केंद्रातून लस न देता परत पाठवली. मलेरियाची लस. सरकारने फुकट दिलेली, जिच्या उद्घाटनाला तू टाय लावून उभा होतास आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या. एनिफा आणि जावई साउलोस दोघं पहाटे निघून गेले होते. वडील सोबत असतील तर रांगेत पुढे घेतात म्हणून साउलोसने मक्याच्या शेताची मशागत टाकली. दुपारी दोघं परत आली. एनिफा सरळ आत गेली आणि तिने चूल पेटवली. मी म्हटलं, "सुई टोचली का पोरीला? रडली का?"

"नाही टोचली."

"का?"

"म्हणाले, हे मूल इथलं नाही."

बोनिफास, ते मूल माझ्या खोलीत, माझ्या चटईवर जन्मलं. माझ्या हातात पडलं. इथलं नाही तर कुठलं, चंद्रावरचं?

नियम मला पाठ आहे, शाळेतल्या पाढ्यांसारखा. राजधानीत चिठ्ठ्या टाकून विभाग निवडले. ओढ्याच्या अलीकडचा आमचा विभाग निघाला, पलीकडचा म्फांजेचा नाही निघाला. अलीकडच्या मुलांना लस, पलीकडच्यांना "पुढच्या टप्प्यात". ओढा उन्हाळ्यात कोरडा असतो, बकऱ्या चालत ओलांडतात. डासांना ही हद्द कुणी समजावून सांगितली ते तू मला कळव.

मला वाटतं, हे त्या आरोग्य सहायकाचं, मुन्थालीचं काम. उत्तरेकडून आलेला पोरगा आहे. मी गेल्या महिन्यात त्याला सगळ्यांसमोर म्हटलं होतं की बायकांशी बोलताना खुर्चीतून उठत जा. तो राग त्याने पोरीवर काढला असणार.

तू तिचा मामा आहेस. आपल्यात मुलाचा पहिला जबाबदार माणूस बाप नसतो, मामा असतो, हे मी तुला सांगायला नको. एनिफाच्या पहिल्या मुलाला, लिंबानीला, तापाने नेलं तेव्हा तू शवपेटीच्या पुढे चालत होतास. दोन पावसाळे झाले त्याला. एनिफा अजून त्याचं झबलं उशाशी घेऊन झोपते. तिसरा पावसाळा येतो आहे, आणि केंद्राच्या पाटीवर लिहिलंय की पहिली सुई सात महिन्यांच्या आत झाली नाही तर मूल बाद. मादालोचे सात महिने पाच डिसेंबरला भरतात.

काय करतोस ते कळव.

तुझी मोठी आई,
फिलोमेना

---

जिल्हा आरोग्य कार्यालय, १७ ऑक्टोबर

आदरणीय मोठी आई,

तुमचं पत्र मिळालं. प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. तुमच्या हस्ताक्षरापुढे माझं अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे, माफ करा.

मादालोबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मुन्थालीवर रागावू नका, तो नियमानेच चालतो. झालंय असं, की लस आल्यापासून पलीकडच्या गावांतून लोक मुलं घेऊन येतात आणि आम्ही इथलेच म्हणून सांगतात. बाटल्या मोजून येतात. बाहेरच्यांना दिल्या तर इथली मुलं राहतात. म्हणून ऑगस्टपासून आम्ही तपासणी कडक केली. निकाल फार चांगला आहे. एकट्या तुमच्या केंद्रावर बाहेरची म्हणून बरीच मुलं ओळखता आली. राजधानीच्या बैठकीत त्याचं कौतुकही झालं. वडिलांना रांगेत पुढे घेण्याची योजनाही आमच्याच जिल्ह्याची. पूर्वी केंद्रावर पुरुष औषधाला दिसत नसे. आता बघा.

एक विचारू का? रागावू नका. साउलोसने पलीकडे घर बांधलं का? एनिफा सासरी राहायला गेली असेल, तर मात्र नियम नियम आहे, आणि मी त्यात बोट घातलं तर उद्या सगळे म्हणतील, साहेबाची भाची म्हणून मिळालं. माझी अडचण समजून घ्या.

सोबत साखर आणि चहा पाठवत आहे.

तुमचा,
बोनिफास

---

चिंबालामे, २४ ऑक्टोबर

बोनिफास,

साखर परत पाठवते आहे. चहा ठेवून घेतला, कारण चहाचा काही दोष नाही.

एनिफा सासरी राहायला गेली का, असं तू विचारतोस. तू. याच अंगणात वाढलास, तुझे वडीलही दुसऱ्या गावाहून येऊन तुझ्या आईच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या, घरी राहिले, वीस वर्षं राहिले आणि पाहुण्यासारखे राहिले. शहरात कपाटं आणि पंखा मिळाला की माणूस आपल्या आईचं अंगणही विसरतो, हे मला ठाऊक नव्हतं. एनिफा इथेच आहे. साउलोस इथेच आहे. त्याने म्फांजेत एकच काम केलंय. दर शनिवारी ओढा ओलांडून तो बहिणीच्या घरावर गवत शाकारतो. तिला मादालोच्याच आठवड्यात मुलगा झाला, यांखो. साउलोस त्याचा मामा. तो मामाचं काम पत्रात नाही करत.

काल बुधवार, लसीचा दिवस. मी एनिफाला आणि पोरीला घेऊन स्वतः केंद्रावर गेले. बिनपुरुषाच्या बायकांना रांगेच्या शेवटी बसवतात. शेवटपर्यंत पोचेतो बाटली संपते. हे तू तुझ्या कौतुकाच्या बैठकीत सांगितलंस का?

मी रांगेत बसले नाही. सरळ टेबलापाशी गेले. मुन्थाली उठून उभा राहिला, हे मान्य करते.

"आजी, बसा ना."

"बसायला नाही आले. या मुलीला का परत पाठवलंस?"

"आजी, ती म्फांजेची आहे."

"कोण म्हणतं?"

"तिचा बाप म्हणतो. मी त्याला विचारलं, घर कुठलं? तो म्हणाला, म्फांजे. माझ्या कानांनी ऐकलं."

"आणि आईला विचारलंस?"

पोरगा खरंच गोंधळला. "आईला कशाला? मूल बापाच्या घरचं असतं ना?"

त्याच्या गावाकडे असतं. उत्तरेत बायको नवऱ्याच्या घरी जाते, मूल बापाच्या कुळाचं. तो खोटं बोलत नव्हता, खुन्नसही काढत नव्हता. त्याच्याबद्दल मी पहिल्या पत्रात जे लिहिलं ते मागे घेते. खुर्चीबद्दलचं नाही.

एनिफा म्हणाली, "साहेब, मी त्या दिवशीही सांगत होते, आम्ही इथेच राहतो."

"ताई, बापाने सांगितल्यावर आई काहीही सांगते. गेल्या महिन्यात तर एक बाई म्हणाली, मी राहते ओढ्याच्या मधोमध."

रांगेतल्या बायका हसल्या. मी हसले नाही.

"बापालाच विचारायचं, हे कुणी ठरवलं?" मी विचारलं.

त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे आदेश चिकटवला होता. सोबतच्या पुरुषाला त्याचं घर विचारावं आणि त्यावरून पात्रता ठरवावी. खाली सही. ती कोंबडीच्या पायांसारखी सही मी शंभर सह्यांतून ओळखेन. मीच तुला ती अक्षरं गिरवायला शिकवली.

तू हे मला पत्रात सांगितलं नाहीस, बोनिफास. "आम्ही तपासणी कडक केली." आम्ही!

घरी येऊन मला साउलोसला विचारायचं होतं. पण मी त्याची सासू लागते. तो माझ्याशी तोंडावर बोलत नाही, मीही त्याच्याशी नाही, रीतच आहे. तेव्हा मी दारात बसून चवळी निवडत मोठ्याने म्हटलं, "या घरात कुणीतरी केंद्रावर म्फांजे म्हणाला म्हणे."

तो अंगणात बकरी बांधत होता. बकरीला म्हणाला, "ऐकलंस का ग, मला विचारलं माझं घर कुठलं. तर मी काय सांगणार? माझं घर म्फांजे. माझी आई तिथे पुरलीय."

मी चवळीला म्हटलं, "पोरीचं घर तर इथे आहे."

तो बकरीला म्हणाला, "पोरीचं कुणी विचारलंच नाही."

बोनिफास, हे वाक्य तुझ्या कार्यालयाच्या भिंतीवर लाव.

फिलोमेना

---

जिल्हा आरोग्य कार्यालय, ३१ ऑक्टोबर

आदरणीय मोठी आई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आदेश माझाच आहे. लपवायचं नव्हतं, फक्त लिहिताना हात वळला नाही.

तो लिहिला तेव्हा घाई होती. वरून सांगितलं होतं की पुरुषांना सामील करा आणि बाहेरच्यांना रोखा. मला वाटलं, एका दगडात दोन्ही होतील. इथे शहरात सगळे भाड्याच्या खोल्यांत राहतात, घर कुठलं म्हटलं की खोलीचा पत्ता सांगतात. गावाकडे तोच प्रश्न वेगळा ऐकू जातो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आता आदेश बदलायचा तर समितीपुढे न्यावा लागेल. समिती जानेवारीत बसते. मी एकट्याने बदलला तर मुन्थालीसारखे सगळे सहायक गोंधळतील, आणि आतापर्यंत ज्यांना बाहेरचे म्हणून मोजलं त्यांचं काय, हा प्रश्न वरून येईल. मी तुमच्यापासून लपवत नाही, मला त्या प्रश्नाची भीती वाटते.

पण मादालोपुरता सोपा उपाय आहे. साउलोसला परत जाऊ दे आणि विचारलं की चिंबालामे म्हणू दे. एकच शब्द. तो राहतो तर इथेच ना? खोटंही नाही.

तुमचा,
बोनिफास

---

चिंबालामे, ४ नोव्हेंबर

बोनिफास,

एकच शब्द! मग तूच का नाही लिहीत तो समितीला?

तुझा उपाय मी एनिफामार्फत विचारला. साउलोस कुणावर ओरडत नाही, बकरीवरही नाही. त्या दिवशी तो फक्त म्हणाला, "मी चिंबालामे म्हटलं तर संध्याकाळपर्यंत गावात होईल की साउलोस आता बायकोच्या आयांची जमीन आपली म्हणायला लागला." आणि ते खरं आहे. तुला आठवत असेल, माझ्या धाकट्या मावशीच्या नवऱ्याने एकदा गावसभेत "आमचं गाव" म्हटलं होतं. त्याची चटई त्याच रात्री गुंडाळून दाराबाहेर ठेवली होती. साउलोस पाच वर्षं या घरात डोळे खाली ठेवून राहिला, विहिरीवर शेवटी पाणी भरलं, मेजवानीत शेवटी जेवला. माझ्या भाचीला तो कधी वावगा शब्द बोलला नाही. त्या माणसाला मी त्याच्या आईचं गाव नाकारायला सांगू, तुझी सही शाबूत राहावी म्हणून? शाळेत आम्हाला सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या, खोटं बोलणारा एक आणि बोलायला लावणारा दोन फटके खाईल. तुझे दोन राहिले आहेत.

शिवाय मी चौकशी केली. मादालो एकटी नाही. आपल्याच वस्तीतली विहिरीपलीकडची जुळी, न्याग्रेसीचा मुलगा, लोहाराची नात. सगळ्यांचे बाप बाहेरून आलेले, कारण आपल्यात बाप बाहेरूनच येतो. सगळ्यांनी आपापलं घर खरं सांगितलं. तुझी "बाहेरची म्हणून ओळखलेली" मुलं ती हीच. ज्यांच्या बापांनी खरं सांगितलं ती बाहेर, आणि ज्या दोन-तीन बापांनी थाप मारली त्यांची आत. असा नियम मी चाळीस वर्षं शाळेत शिकवताना पाहिला नाही, आणि आमच्याकडे काही वेडगळ निरीक्षक येऊन गेले होते.

पाऊस सुरू झालाय. न्याग्रेसीचं मूल काल रात्रीपासून तापलंय. एनिफा मादालोच्या कपाळावर हात ठेवून बसते, तो उचलतच नाही. पोर घामाने रडते तरी उचलत नाही.

आता तुझा आदेश मी तुला वाचून दाखवते, कारण तू तो लिहिलास पण वाचलेला दिसत नाहीस. त्यात बाप कुठेच नाही. "सोबतचा पुरुष" आहे.

बुधवारी, १३ तारखेला, सकाळी सातला तू केंद्राच्या रांगेत उभा राहा. टाय नको. मूल तुझ्या हातात असेल. आणि मुन्थालीला तुला विचारू दे, घर कुठलं.

मामा आहेस की नाही, ते त्या दिवशी मला कळेल.

फिलोमेना

---

जिल्हा आरोग्य कार्यालय, १५ नोव्हेंबर

आदरणीय मोठी आई,

तुम्ही बाहेर आंब्याखाली बसला होतात, म्हणून टेबलापाशी काय झालं ते तुम्हाला दिसलं नसेल. मी परत निघताना तुम्ही विचारलंही नाही, फक्त पोरीच्या दंडावरचा कापूस उचलून पाहिलात.

मी रांगेत होतो. माझ्यापुढे एक म्हातारी होती, ती मला सारखं सांगत होती, "बाळा, मान धर तिची, मान, कांद्याचं पोतं नाही ती." मादालोने माझ्या शर्टावर दोनदा दूध ओकलं. मला कुणी ओळखलं नाही. नऊ वर्षं मी या केंद्राला भेटी देतो, पण त्या जीपमधून.

मुन्थालीने मान वर न करता विचारलं, "घर कुठलं?"

मी म्हणालो, "चिंबालामे."

खरं सांगतो, मोठी आई, हे मोठ्याने म्हणून किती वर्षं झाली मला आठवेना.

"मूल तुमचं?"

"बहिणीचं."

मग त्याने वर पाहिलं आणि उठून उभा राहिला, खुर्ची मागे पडली. "सर! तुम्ही?" मी म्हटलं, बस, नियमाने चाल. तो आदेशाकडे बघत राहिला, माझ्याकडे बघत राहिला, आणि हळूच म्हणाला, "सर, म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या माणसाला विचारत होतो?" मी म्हटलं, नाही, तू मी सांगितलं त्यालाच विचारत होतास.

सुई टोचल्यावर ती जी रडली ती तुम्हाला बाहेरपर्यंत ऐकू आलीच असेल. एनिफा हसत होती आणि रडत होती. साउलोस कुंपणापाशी उभा होता. मी त्याला मूल दिलं, तेव्हा त्याने दोन्ही हातांनी घेतलं, वाकून. मला लाज वाटली.

जानेवारीच्या समितीसाठी मी प्रस्ताव लिहिला आहे. मूल कुठे झोपतं ते विचारावं, आणि आईलाही विचारावं. तोपर्यंत मुन्थालीला कळवलं आहे की कुणाचाही मामा चालेल. आता बाकीच्यांना त्यांचे मामा आणायला सांगा.

आता तरी शांत झालात ना?

तुमचा,
बोनिफास

---

चिंबालामे, २८ नोव्हेंबर

चिरंजीव बोनिफास,

आशीर्वाद. राखून ठेवले होते, ते देऊन टाकते. तू आलास, उभा राहिलास, शर्ट खराब करून घेतलास. तुझी आई असती तर तिने तो शर्ट स्वतः धुतला असता. मी एनिफाला धुवायला लावला.

काल बुधवारी केंद्रावर जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. मामांची रांग! तंबाखूच्या मळ्यावरून आलेले, बाजारातून हातगाडी टाकून आलेले, एक तर ट्रक रस्त्यावर उभा करून आलेला, तो मागून भोंगे खात होता. जुळ्यांच्या मामाने एकेक काखेत धरलं होतं, कोंबड्या धरतात तसं. लोहाराच्या नातीचा मामा दारू पिऊन आला होता, त्याला बायकांनी आधी पंपाखाली धरलं, मग रांगेत. मुन्थाली प्रत्येकाला उभा राहून विचारत होता, "मामा, घर कुठलं?" आणि दर वेळी बायका एका सुरात ओरडत होत्या, "चिंबालामे!" न्याग्रेसीच्या मुलाचा ताप उतरला होता, त्यालाही मिळाली. मी सगळ्यांसाठी थोब्वा, मक्याची गोड पेज, करून नेली होती, मडकं रिकामं परत आलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. शांत झाले नाही.

रांगेच्या अगदी शेवटी साउलोस होता. मला वाटलं, गंमत बघायला आला. मग दिसलं, त्याच्या पाठीवर चितेंजेचं कापड बांधलेलं आहे, बाई बांधते तसं नीट, आणि त्यातून एक डोकं बाहेर आलंय. यांखो. त्याच्या बहिणीचा. पहाटे भरलेला ओढा छातीएवढ्या पाण्यातून ओलांडून, मूल डोक्यावर धरून आणलं होतं. त्याने ऐकलं होतं की मामा चालतो. आणि मामा तो होताच.

कुणी त्याला सांगितलं नव्हतं, बोनिफास. मीही नाही. मला सुचलंच नाही, कारण माझी नात आत गेली होती.

मुन्थालीने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारायचं टाळलं. बाटली उचलून उजेडात धरली. बाटलीत एक मात्रा उरलेली होती. शेवटी साउलोसच म्हणाला, "साहेब, विचारा ना."

"घर कुठलं?"

मागे कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "म्हण की रे चिंबालामे, आज कुणी काही म्हणणार नाही." तिचंही खरं होतं. काल कुणी काही म्हणालं नसतं. मी स्वतः मान फिरवली असती.

साउलोस म्हणाला, "म्फांजे."

मुन्थालीने त्याला परत पाठवलं. रडवेला झाला होता पोरगा. उघडलेल्या बाटलीतली उरलेली मात्रा दिवस संपल्यावर फेकावी लागते, हे तुझ्याच दुसऱ्या आदेशात आहे. ती फेकली.

घरी आल्यावर रीत मी बाजूला ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा जावयाच्या तोंडाकडे बघून विचारलं, "का नाही म्हणालास?"

त्यालाही बकरी सापडली नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, मुलगा म्फांजेचा आहे. तो आजारी पडणार म्फांजेत. त्याचं गाव मी खोडून टाकलं, तर म्फांजेला लस कधी येणार?"

पुढच्या टप्प्यात, असं मी म्हणू शकले नाही. तू म्हणून दाखव.

यांखोचे सात महिनेही पुढच्याच आठवड्यात भरतात. मी सोमवारी तुझ्या कार्यालयात येते आहे. चिठ्ठी कुणी टाकली, कुठल्या टोपीत टाकली, आणि पुन्हा कधी टाकणार, ते मला त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं आहे. त्याच्यापर्यंत पोचायला जितकी दारं असतील तितकी तू उघड. खुर्ची मागवू नकोस, मी बसणार नाही.

साउलोस बरोबर असेल. मूल त्याच्या पाठीवर असेल. फाटकावरच्या शिपायाला आधीच सांगून ठेव की आम्हाला घर कुठलं ते विचारू नको. विचारलं, तर साउलोस खरं सांगेल.

तुझी मोठी आई,
फिलोमेना